समोरची खुर्ची

"एकाच पोरीला दर खेपेला त्या खुर्चीत बसवू नकोस," पेर्लाबाई म्हणाल्या होत्या. अगदी सहज म्हणाल्या होत्या, माटेची नळी ओठांतून काढून, पेल्यातल्या हिरव्या पाल्यावर पुन्हा गरम पाणी ओतता ओतता. शेजारची म्हातारी जशी म्हणते की बाळाला टोपी घाल, वारं आहे. "आमच्या वेळी ती खुर्ची फिरती असायची. आज ती, उद्या मी. अंगाला चिकटते गं ती." मिखाल हसली होती. पेर्लाबाईंनी रोसारिओ शहरातल्या ज्यू पोरांच्या कितीतरी तुकड्यांना चार माणसांत उभं राहायला, आपली बाजू मांडायला शिकवलं होतं, आणि आता तो वर्ग मिखालच्या हातात आला होता. हातात नवं काही आलं की जुन्या माणसाचं सगळंच जरा जुनं वाटतं. "अहो बाई, तिला मजा येते. जन्माची नाटकी आहे ती," मिखाल म्हणाली होती. पेर्लाबाईंनी पेला पुढे केला, तिने घेतला, विषय संपला.

त्या शुक्रवारी ती सिमोनला केळं भरवत होती. टेबलावरचा फोन थरथरत सरकत पाण्याच्या भांड्याला जाऊन टेकला आणि त्यातून तिच्या वर्गातल्या ईवोचा आवाज आला, जिन्यावरून पळत उतरताना बोलल्यासारखा: "मिखाल, सभा आज आहे. सोमवारी नाही, आज दुपारी. त्यांनी अलीकडे ओढली. आमचा विषय शेवटी ठेवलाय. मीच बोलणार. तू ये. नको, येऊ नकोस. ये गं." चमचा हवेतच राहिला. सिमोनने तोंड उघडं ठेवून तिच्याकडे पाहिलं, मग चमच्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिच्या छातीत दूध आणि धास्ती सोडून दुसरं काहीतरी दाटून आलं होतं. ते काय होतं हे ओळखायला तिला जरा वेळ लागला, कारण गेले कित्येक महिने छातीत काही हललं की ती भीतीच असायची: बाळ श्वास घेतंय ना, गॅस बंद आहे ना, नवरा, दामियान, गाडी हळू चालवतोय ना. रात्री उठून नाकाखाली बोट धरायचं. ही भीती नव्हती. हे लहानपणी ज्यू क्लबच्या सहलीच्या बसमध्ये चढताना व्हायचं तसलं काहीतरी होतं. तिने बाळाचं तोंड पुसलं, त्याला झोळीत बांधून पोटाशी घेतलं, आणि आरशात न बघताच बाहेर पडली.

विषय तसा एवढासाच. वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाचं सबमिशन यंदा नेमकं योम किपूरच्या दिवशी आलं होतं. उपासाचा दिवस, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, ज्यांना देवाशी एरवी काही घेणंदेणं नसतं तेही त्या दिवशी आजीशेजारी जाऊन बसतात. सबमिशन चुकलं की वर्ष गेलं. प्राध्यापकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, तुमची वैयक्तिक अडचण समजून घेऊ. पण ईवोला समजून घेणं नको होतं. त्याला तारीख हलवून हवी होती, सगळ्यांची, सगळ्यांसमोर. विद्यार्थ्यांच्या सभेने ठराव केला की फॅकल्टीचं कौन्सिल सहसा मोडता घालत नाही. आणि नाही केला तर पुढची सभा उपास उलटून गेल्यावर. म्हणजे जे काय व्हायचं ते आज. बसमध्ये दांडीला धरून उभी असताना मिखाल ओठांतल्या ओठांत त्याचं भाषण म्हणत होती. एका बाईने उठून जागा दिली आणि म्हणाली, "अंगाई म्हणतेयस वाटतं?" मिखाल म्हणाली, "हो." बाहेर लापाचोची झाडं एकाही पानाशिवाय गुलाबी फुलून उभी होती, आणि ज्या माळाला गाव सायबेरिया म्हणतं त्या माळावर फॅकल्टीच्या इमारती दिसू लागल्या तेव्हा तिला वाटलं, आपण जिंकणार. का वाटलं कोण जाणे. वाटलं खरं.

तयारी तर अशी झाली होती की विचारता सोय नाही. क्लबच्या वरच्या मजल्यावर, पिंगपाँगचं टेबल भिंतीला ढकलून, मध्ये दोन खुर्च्या. एक आपली. दुसरी समोरची. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्याने ते सगळं बोलायचं जे वर्गात, कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये कधी ना कधी कानावर पडतं, आणि आपल्या खुर्चीतल्याने घाम न फुटू देता उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी कोणाला जमेचना. ईवो समोर बसला आणि म्हणाला, "म्हणजे, माफ कर हं, तुम्ही लोक जरा, म्हणजे सगळेच नाही, पण पैशाच्या बाबतीत..." आणि लाल होऊन उठला. सगळे खो खो हसले. मग ओर्नेला उठली. उंच, कानापर्यंत कापलेले केस, बाह्या वर सारलेल्या. तिने खुर्ची उलटी फिरवली, तिच्यावर घोड्यावर बसावं तशी बसली, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवली आणि ईवोकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाली, "काय रे, तुझा बाप काय विकतो?" मग टाळ्या. टाळ्याच पडल्या! मिखालने स्वतः शिट्टी मारली होती. त्यानंतर दर रविवारी ती खुर्ची ओर्नेलाचीच. तिच्याइतकं कोणालाच जमत नव्हतं. ती टोमणे मारायची नाही. ती शंका विचारायची, नकळत बोलल्यासारखं दुखवायची, मध्येच मैत्रिणीसारखी हसायची. तिच्यासमोर टिकला तो कुठेही टिकेल, असं पोरं म्हणायला लागली. "कुठे शिकलीस गं हे?" मिखालने एकदा खुर्च्या उचलताना विचारलं होतं. "शिकायला कशाला हवं?" ओर्नेला म्हणाली. "ऐकलेलंच असतं. परत म्हणायचं फक्त." आणि मिखाल हसली होती, कारण ओर्नेला हसत होती.

ओर्नेलाचं आडनाव बर्तोल्दी. आई मोइसेस व्हिलची, तिथल्या जुन्या ज्यू वसाहतीतली, पणजोबांनी गुरं राखलेली. बाप इटालियन, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. क्लबच्या दारापुढे सिमेंटचे जाडजूड खांब आहेत, बाँबची गाडी आत घुसू नये म्हणून. लहानपणी मिखाल त्यांच्यावरून उड्या मारायची, आता त्यांच्यामधून बाबागाडी तिरकी करून नेते. आत शिरताना पहारेकरी अनोळखी माणसाला प्रश्न विचारतो: कोणाकडे आलात, पुढचा सण कोणता, तुमच्याकडे त्या दिवशी काय शिजतं. आठवडाभरात चेहरा ओळखीचा झाला की विचारत नाही. ओर्नेलाला महिनोन् महिने विचारत होता. "बर्तोल्दी?" तो म्हणायचा, आडनाव जिभेवर घोळवत. ती उत्तरं द्यायची, वर येऊन त्याची नक्कल करायची, आणि पोरं पोट धरून हसायची. "मी मिश्र माल आहे," ती म्हणायची, "दोन्ही खुर्च्या माझ्याच." मिखाल, जी सिमोनच्या तळव्यावरचा पिसूच्या चाव्याएवढा ठिपकासुद्धा दिव्याखाली धरून बघते, तिने हे वाक्य ऐकलं होतं आणि त्यातली गंमत तेवढी घेतली होती.

सभा मोठ्या ड्रॉइंग हॉलमध्ये. टेबलांवर पोरं बसलेली, टेबलांखाली पोरं बसलेली, थर्मासमधून माटे हातोहात फिरतोय, कोणीतरी मॉडेलसाठी थर्मोकोल कापतंय, त्याचा तो दातांवर शिवशिवणारा आवाज. मिखाल मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. क्लबातली मंडळी मुद्दाम विखरून बसली होती. हेही तिनेच शिकवलं होतं, घोळका करून बसू नका, टोळी वाटते. ओर्नेला खिडकीपाशी होती, हिरवा रेनकोट, पायाशी नकाशांची लांब नळी. कँटीनचे भाव झाले. रात्रीच्या बसचं झालं. पंख्यांचं झालं. मेगाफोनवाली मुलगी, विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष, आवाज बसलेली, म्हणाली, "शेवटचा विषय, सबमिशनची तारीख. बोल रे कोण ते." तोवर पोरं दप्तरं आवरायला लागली होती. ईवो टेबलावर चढला. त्याचे कान लांबूनही लाल दिसत होते.

आणि मग जे झालं त्याची कल्पना वर्गातल्या एकालाही नव्हती. कोणी विरोधच केला नाही. ईवो म्हणाला, "तुमच्यापैकी काहींना वाटेल की आम्हाला खास वागणूक हवी आहे..." कोणालाच तसं वाटत नव्हतं. कोणालाच काही वाटत नव्हतं. एक पोरगा जांभई देत होता, दोन मुली केस बांधत होत्या. "काही जण म्हणतील, धर्म घरी ठेवा..." कोणी म्हणत नव्हतं. त्याच्याजवळ उत्तरं होती, घासूनपुसून लखलखीत केलेली, आणि प्रश्न नव्हता एकही. तो थांबला. बोल, मिखालने मनात म्हटलं, काहीही बोल, आजीचं सांग. पण असं साधं बोलायला तिने शिकवलंच कुठे होतं? तिने ढाल कशी धरायची ते शिकवलं होतं, आणि समोर मोकळं मैदान होतं. दाराशी गर्दी व्हायला लागली. "बरं, आता हात वर करण्याइतकी पण माणसं उरली नाहीत," मेगाफोन खरखरला, "हा विषय पुढच्या सभेत..."

"मला बोलायचंय," खिडकीकडून आवाज आला.

ओर्नेला. ती सावकाश टेबलावर चढली, कोणाचीतरी बसायची खुर्ची पायाने बाजूला सारून, आणि ईवोकडे बघून तेच रविवारचं गोड हसू हसली. "मला फक्त समजून घ्यायचंय," ती म्हणाली. "हे सरकारी विद्यापीठ आहे ना? देवळाचं अंगण नाही ना?" दाराशी निघालेले दोघे-तिघे वळले. "आज तुझा उपास. उद्या अजून कोणाचा. मग आपण घरं कधी बांधायला शिकायचं?" कोणीतरी हसलं. "ए, काय बोलतेय ही?" कोणीतरी म्हणालं. थर्मोकोलचा आवाज थांबला. "नाही, मला खरंच कळत नाही. तुमची शाळा वेगळी. तुमचा क्लब वेगळा. मेल्यावर तुमची जागासुद्धा वेगळी, भिंत घालून. आता तारीखही वेगळी हवी?"

मग एकदम सगळा हॉल बोलायला लागला. बाहेर गेलेले आत आले. टेबलांखालचे वर आले. मिखालला ठाऊक होतं, त्या भिंतीच्या वाक्याला ईवोला एकाही रविवारी उत्तर देता आलेलं नव्हतं. दर वेळी तो तिथेच गारद व्हायचा. तिने सिमोनचं डोकं हाताखाली झाकलं आणि टाचा उंचावल्या. ईवोचे खांदे खाली आले. अंगात वारं भरावं तसा त्याच्या चेहऱ्यात रंग भरला. "हो, वेगळी आहे," तो म्हणाला, आणि हा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. "भिंत आहे. आजोबा आहेत तिथे माझे. पण मी तीन वर्षं कुठे बसलोय? इथे. ह्या टेबलावर. माझं बोट कापलं तेव्हा पट्टी कोणी बांधली? ह्या लुचोने बांधली, आणि दोन तास शिव्या घातल्या. तुझं मॉडेल बसमध्ये मोडलं, पाऊला, तेव्हा पहाटेपर्यंत कोण चिकटवत होतं? मला एका दिवशी भूक लागणार आहे. ती मला माझ्या माणसांत लागू दे, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी हजर. आणि वेगळी तारीख मागतोय कोण? सगळ्यांचीच पुढे ढकला की! तुम्हाला काय रात्रीची झोप नकोय?"

छप्पर उडायचं बाकी राहिलं. पोरं टेबलं बडवत होती. "झोप! झोप! झोप!" असा घोष सुरू झाला, मॅचला करतात तसा, उड्या मारत. लुचोने ईवोला खांद्यावर घेतलं. हात वर झाले, हॉलभर हातच हात, मेगाफोनवाली मोजायच्या भानगडीत पडलीच नाही, "झालं, मंजूर, गप्प बसा रे, मंजूर!" म्हणून ओरडली आणि स्वतःच नाचायला लागली. मिखाल रडत होती आणि हसत होती. तिने सिमोनचे इवले हात धरून त्यांच्या टाळ्या वाजवल्या, आणि बाळही खिदळलं. आपण केलं हे. आपल्या त्या दोन खुर्च्यांनी केलं. आणि त्याच गदारोळात तिला ऐकू आलं, "बाहेर हो, नाझीण!" एक धिप्पाड पोरगा, लाल-काळ्या फुटबॉलच्या शर्टातला, खिडकीकडे हात नाचवत होता. थर्मोकोलचा एक तुकडा उडत गेला. मग दुसरा. ओर्नेला अजून टेबलावर होती. हनुवटी वर, ओठांवर तेच हसू. भूमिका सोडायची नाही, हेसुद्धा मिखालनेच शिकवलेलं. ओर्नेलाने हॉलभर नजर फिरवली, आपल्या एकेका माणसावर थांबवत, आणि एकेका माणसाने नजर दुसरीकडे वळवली. ती आमचीच आहे असं आता म्हटलं तर सगळं ठरवून केलेलं नाटक ठरलं असतं, ठराव बोंबलला असता. शेवटी ती नजर मागच्या भिंतीपर्यंत आली. मिखालच्या हातात सिमोनचे हात होते, टाळी वाजवता वाजवता जुळलेले. तिने ते वेगळे केले. तेवढंच केलं.

बाहेर गवतावर मिठ्या मारणं चाललं होतं. कोणीतरी कार्लितोस सँडविच आणले होते, गरम, सॉस ओघळणारे. ईवो एका हाताने खात होता, दुसऱ्या हाताने आईला फोन करत होता. "ओर्नेला कुठेय रे?" त्यानेच पहिल्यांदा विचारलं. "अजून भूमिकेत असेल," एकजण म्हणाला, "जाऊ नका जवळ, चावेल." हशा. फोटो काढायचा ठरला. "तिला नको घेऊ फोटोत, कोणी बघितलं तर?" मिखाल त्यावर म्हणाली, "हो, आज नको," आणि वाक्य तोंडातून गेल्यावर तिला जिभेला चटका बसल्यासारखं झालं. परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत व्हिडिओ फिरायला लागला होता. ईवोचं उत्तर त्यात नव्हतंच. फक्त ती: भिंत घालून, भिंत घालून, पुन्हा पुन्हा, आणि खाली तिचं नाव, आणि बर्तोल्दी या आडनावावरून तिच्या आज्यापणज्यांना घातलेल्या शिव्या. मिखालने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

ती घरी गेली नाही. ओर्नेला बस टर्मिनलच्या मागच्या गल्लीत दोन मुलींबरोबर राहायची. दार उघडलं त्या मुलीचं नाव रोसीओ. तिने पायाने दार अडवून धरलं होतं. "तुम्ही तिच्या कोण?"

"शिक्षिका. म्हणजे, तसंच काहीतरी. आहे का ती?"

"गेली. मी काही हाकलली नाही हं. मी फक्त विचारलं, हे खरंच तू बोललीस? तर म्हणे, हो, मीच बोलले. आणि बॅग भरायला लागली. माझी सख्खी मैत्रीण ज्यू आहे, मी काय करायला हवं होतं सांगा?"

"अगं, तीच ज्यू आहे!" मिखाल जिन्यात ओरडली. सिमोन दचकून रडायला लागला. "ती आमची आहे. ते आमच्यासाठी बोलली ती. आम्हीच..."

रोसीओने पाय दारातून काढला. "मग तिथे तुमच्यापैकी कोणीच कसं नाही म्हणालं?"

टर्मिनलवर ती बाकाबाकावरून फिरली. मोइसेस व्हिलकडे जाणारी गाडी सुटून गेली होती; त्यात अशी मुलगी बसली का, हे खिडकीवरच्या माणसाला आठवत नव्हतं. दिवस कलत होता, ज्यू घरांतून शब्बाथच्या, शुक्रवार संध्याकाळच्या मेणबत्त्या लागायची वेळ. दामियानचा फोन येत होता. मिखालने ईवोला निरोप पाठवला: उद्याच्या उद्या सगळ्यांना खरं सांगायचं, ठराव गेला तर जाऊ दे. ईवोचं उत्तर लगेच आलं, एकच शब्द: हो. मग दुसरा निरोप, तिची आई पण उचलत नाहीये. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, रडणाऱ्या बाळाला थोपटत बाकांमधून धावताना तिच्या छातीत अजूनही तो घोष घुमत होता, झोप, झोप, झोप. अजूनही पायांना नाचावंसं वाटत होतं. आनंद आणि धास्ती एकाच रक्तातून पळत होते आणि तिला ते वेगळे करता येत नव्हते.

म्हणून ती आता तुम्हालाच विचारते आहे, जे कोणी त्या वाटेवर असाल त्यांना. तुम्ही संध्याकाळच्या गाडीत बसला असाल, किंवा तुमचं घर नदीकडच्या रस्त्याला असेल, तर जरा बघा. उंच आहे. केस कानापर्यंत. हिरवा रेनकोट, खांद्याला नकाशांची लांब नळी. कदाचित ती झोपेचं सोंग घेऊन बसली असेल. हाक मारली तर आधी काहीतरी लागेल असं बोलेल, छान हसून बोलेल; ते मनावर घेऊ नका आणि तिथेच थांबा. दुपारपासून तिच्या पोटात काही गेलेलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारा, आणि ती खरं उत्तर देईपर्यंत तिच्याजवळून उठू नका.